अस्वल, अंडं आणि अंगावर काटा!

पिझ्झाचं दुकान. स्टेजवर टोपी घातलेलं अस्वल माइक धरून उभं. एका बाजूला गिटारवाला ससा, दुसऱ्या बाजूला गळ्यात लाळेरं बांधलेली कोंबडी, आणि पडद्याआड एका डोळ्यावर पट्टी लावलेला चाचा कोल्हा. चौघेही यांत्रिक. दिवसा पोरांचे बर्थडे साजरे करतात. रात्री बाराचे ठोके पडले की हीच वरात रखवालदाराच्या केबिनकडे निघते!

ही ‘फाइव्ह नाइट्स ॲट फ्रेडीज’ या व्हिडिओ गेमची गोष्ट. लाडाचं नाव फनॅफ. पण आज हे अस्वल फक्त पाहुणा कलाकार आहे. आजचे खरे हीरो म्हणजे त्याचे फॅन्स. एवढ्या भुतांवर त्यांचं भागलं नाही, म्हणून त्यांनी घरच्या घरी, बहुतेक वेळा फुकटात, आणखी भुतं बनवली. मांजर, मुंगसाचा भाऊबंद, उलट्या रंगाचा उंदीर आणि चक्क एक अंडं. बसा सरसावून. दिवा चालू ठेवलात तरी कोणी हसणार नाही.

आधी एक सांगा. हे अस्वल एका टोमण्यातून जन्माला आलं, हे माहीत आहे का?

टेक्सासचे स्कॉट कॉथन धार्मिक, कुटुंबाने एकत्र बसून खेळावेत असे गेम्स बनवायचे. २०१३ मध्ये त्यांनी ‘चिपर अँड सन्स लंबर कंपनी’ नावाचा गोडगोड गेम काढला. त्यात लाकडं तोडणारा एक बीव्हर होता. टीकाकार म्हणाले, ही पात्रं गोड कसली, कळसूत्री यंत्रांसारखी भेसूर दिसतात! माणूस खचला, गेम्स सोडून द्यायच्या विचारापर्यंत गेला. आणि मग त्याची ट्यूब पेटली: भेसूर दिसतात ना? मग भेसूरच बनवू! ८ ऑगस्ट २०१४ ला पहिला फनॅफ आला. नावं ठेवणाऱ्यांचा इतका फायदा क्वचितच कोणाला झाला असेल.

आणि मग साहेबांनी असा काही धडाका लावला की विचारू नका. दुसरा भाग नोव्हेंबर २०१४, तिसरा मार्च २०१५, चौथा जुलै २०१५. एका वर्षात तीन सीक्वेल! ‘एका वर्षात सर्वाधिक सीक्वेल’ म्हणून गिनेस बुकात नोंद झाली. आपल्याकडे एवढ्या वेळात सिनेमाचं टायटलसुद्धा ठरत नाही.

आता पगाराचं बोलू. भुतांपेक्षा हे जास्त भयानक आहे.

पहिल्या गेमचा रखवालदार पाच रात्री, रोज बारा ते सहा, जीव मुठीत धरून बसतो. शेवटी हातात चेक पडतो १२० डॉलरचा. तीस तास, म्हणजे तासाला ४ डॉलर! अमेरिकेतलं केंद्रीय किमान वेतन २००९ पासून ७.२५ डॉलर आहे. म्हणजे मांत्रिकाच्या आधी लेबर ऑफिसर बोलवायला हवा. सहाव्या रात्री ओव्हरटाइम केलात तर? चेक १२०.५० चा. जादा पन्नास सेंट, खिशात कुठे ठेवू नि कुठे नको! आणि सातव्या रात्रीनंतर थेट नारळ. कारणं लेखी: यंत्रांमध्ये ढवळाढवळ, बेशिस्त वर्तन आणि... अंगाला येणारा वास.

घाबरून घामाघूम झालेल्या माणसाला वासावरून काढतात. यालाच म्हणतात कॉर्पोरेट हॉरर.

तर मग फॅन्सनी याच गेमच्या एवढ्या आवृत्त्या का काढल्या? कारण रेसिपी भलतीच स्वस्त आहे! या गेममध्ये खेळाडू खुर्चीतून उठतच नाही. धावणं नाही, बंदूक नाही. समोर सीसीटीव्हीचे कॅमेरे, दोन बाजूंना दोन दारं आणि संपत चाललेली वीज. तुम्ही बघता ती सगळी दृश्यं म्हणजे आधीच रेंडर करून ठेवलेली चित्रं. अस्वल चालत येताना तुम्हाला कधी दिसतच नाही. आत्ता स्टेजवर होतं, आता कॉरिडॉरमध्ये आहे, एवढंच. मधलं चालणं तुमचं डोकं फुकटात ॲनिमेट करतं. आणि ते सगळ्यात भीतिदायक करतं, कारण तुमचं डोकं तुम्हाला चांगलं ओळखतं.

पहिला गेम बनला ‘क्लिकटीम फ्यूजन’ या सॉफ्टवेअरवर. कंपनी फ्रेंच. कोडच्या ओळी खरडायच्या भानगडीत न पडता ‘हे झालं तर ते कर’ अशी कोष्टकं भरत गेम बनवता येतो. थ्रीडी अस्वल घडवायला ‘ब्लेंडर’ फुकट मिळतं. झालं! शाळकरी पोरांच्या हाती भुतांचा कारखाना लागला. फॅनगेम म्हणजे फॅननी, मूळ गेमच्या प्रेमापोटी बनवलेला गेम. आणि अशा गेम्सचं माहेरघर म्हणजे ‘गेम जोल्ट’ ही साइट. तिथे या जातीच्या गेम्सचा नुसता पूर आहे.

नावं ठेवायची पद्धतही ठरलेली. ‘फाइव्ह नाइट्स ॲट...’ लिहा आणि पुढे कोणाचंही नाव डकवा. मारिओच्या दुनियेतला मिशाळ खलनायक वारिओ? घ्या, ‘फाइव्ह नाइट्स ॲट वारिओज’. हिरवा राक्षस श्रेक? त्याच्या हॉटेलातही पाच रात्री काढता येतात. दमलात? मी फक्त यादी वाचूनच दमले.

आता जरा गणित. पळू नका, मजेचं आहे!

या यंत्रांना अक्कल किती असते, माहीत आहे का? ० ते २०. अक्षरशः. फॅन्सनी पहिला गेम उचकटून आतलं यंत्र बाहेर काढलं, तर आत निघाले फासे! दर काही सेकंदांनी गेम १ ते २० मधला एक आकडा काढतो. तो आकडा त्या पात्राच्या पातळीएवढा किंवा कमी आला की स्वारी एक पाऊल पुढे. पातळी ५ असेल तर चारातून एकदा संधी. पातळी २० असेल तर प्रत्येक वेळी. ससोबा बॉनी दर ४.९७ सेकंदांनी फासा टाकतो, कोंबडी चिका दर ४.९८ सेकंदांनी, खुद्द फ्रेडी दर ३.०२ सेकंदांनी. तुमच्या छातीत धडधडतंय आणि पलीकडे सापशिडी चालू आहे.

चार पात्रं, प्रत्येकाच्या २१ पातळ्या. एकूण जोड्या किती? १,९४,४८१. त्यातली एक जोडी मात्र चुकूनही लावू नका: १-९-८-७. गेमच्या कथेत १९८७ साली घडलेल्या एका भयंकर चाव्याकडे तिचा इशारा आहे. ही जोडी लावलीत की सोनेरी अस्वल तोंडावर येतं आणि गेम धाडकन बंद पडतो.

२०१८ मध्ये कॉथन यांनी ‘अल्टिमेट कस्टम नाइट’ आणला, तोही फुकट. यात पन्नास पात्रं, प्रत्येकाची पातळी तुम्ही ठरवायची. म्हणजे जोड्या किती, तर २१ चा पन्नासावा घात. हा आकडा लिहायला ६७ अंक लागतात! प्रत्येक जोडी एकेकदा खेळायची म्हटलं तर सूर्य विझेल, तरी तुमची रात्रपाळी संपणार नाही.

पुरे झालं गणित. आता अंडं फोडू या.

‘वन नाइट ॲट फ्लम्प्टीज’. २०१५ चा फॅनगेम, बनवणाऱ्याचं टोपणनाव जोनोक्रोम. पाच रात्री कशाला, एकीतच काम तमाम! आणि शत्रू कोण? फ्लम्प्टी बम्प्टी नावाचं, हात-पाय फुटलेलं, दात विचकणारं अंडं. इंग्रजी बालगीतातल्या भिंतीवरून पडणाऱ्या अंड्याचा हा वाया गेलेला पुतण्या. गेममध्ये याची ओळख अशी करून दिली आहे की याला कथानकाचे नियम लागू होत नाहीत आणि स्थळकाळाचं बंधनही नाही. म्हणजे ‘हे इथे कसं आलं?’ असा प्रश्नच विचारायचा नाही. लेखकाच्या आळसाला इतकं चकचकीत कव्हर मी दुसरीकडे पाहिलेलं नाही, आणि ते कमालीचं चाललं!

सोबतीला ग्रंकफस नावाचा विदूषक आणि बर्थडे बॉय ब्लॅम. सगळ्यांची चित्रं कार्टूनसारखी, रंगीबेरंगी. बघून हसू येतं. हसता हसता दार लावायचं राहतं. गेम ओव्हर.

गेमच्या अवघड आवृत्तीचं नाव काय असेल? अंदाज करा. ‘हार्ड बॉइल्ड मोड’! कडक उकडलेलं. असल्या विनोदावर मी फिदा आहे. तिसरा आणि शेवटचा भाग ३१ ऑक्टोबर २०२१ ला, ऐन हॅलोविनच्या रात्री आला. गंभीर चेहऱ्याने घाबरवणारे फॅनगेम्स ढिगाने मिळतील, पण माझं मत विचाराल तर सगळ्यांत अव्वल हे अंडंच.

अंड्यावरून आठवलं. अधिकृत मालिकेतही अंड्याचा एक किस्सा आहे. ‘सिस्टर लोकेशन’ या २०१६ च्या भागात सुरुवातीला तुम्हाला तुमचं नाव टाइप करायला सांगतात. की-बोर्ड बिघडलेला. तुम्ही काहीही दाबा, मशीन ऑटोकरेक्ट करून तुमचं नाव ठेवतं ‘एग्ज बेनेडिक्ट’. नाश्त्याचा पदार्थ! पुढे त्याच गेममध्ये रखवालदाराला बक्षीस म्हणून मिळते परदेशी लोण्याची टोपली. पगार ४ डॉलर आणि बोनस लोणी. या कंपनीचा एचआर विभाग नक्की कोण चालवतं?

बरं, मांजरप्रेमींसाठी: ‘फाइव्ह नाइट्स ॲट कँडीज’. एमिल माको यांचा गेम, पहिला भाग २०१५ चा. यातलं हॉटेल बर्गरचं आणि मालक मंडळी मांजरं. निळा कँडी, गुलाबी सिंडी. पण मला झोप लागू देत नाही तो ‘ब्लँक’. हा यांत्रिक पुतळा मुद्दाम कोरा, पांढराफटक ठेवलाय. का? तर पोरांनी त्याच्यावर स्केचपेनने चित्रं काढावीत म्हणून! कल्पना किती गोड. आता रात्री दोन वाजता, अंधाऱ्या कॅमेऱ्यात, पोरांनी रेघोट्या मारलेला तो चेहरा तुमच्याकडे बघतोय असं मनात आणा.

नकोच. पुढे जाऊ.

‘पॉपगोज’ हा केन कार्टर यांचा फॅनगेम. नायक, म्हणजे खलनायक, एक वीझल. आपल्या मुंगसासारखा दिसणारा चपळ प्राणी. नाव आलंय इंग्रजी बालगीतातून. स्प्रिंगवाल्या डब्याची ती खेळणी आठवतात? हँडल फिरवत राहायचं, संथ धून वाजते आणि ठरलेल्या सुरावर झाकण उडून बाहुली टुणकन बाहेर! त्या डब्यात हमखास वाजते ती हीच धून. म्हणजे असं अचानक दचकवणं, अर्थात जंपस्केअर, हा काही आजच्या पोरांचा शोध नव्हे. पणजोबांच्या काळातल्या बाळांनाही तो पाळण्यातच दिला जात होता.

सुरांचं निघालंच आहे तर सांगा, पहिल्या फनॅफमध्ये वीज गेली की अंधारात फ्रेडी कोणती धून वाजवतो, माहीत आहे का? बिझेच्या ‘कार्मेन’ ऑपेरातलं टोरेआडोर गीत! १८७५ साली पॅरिसमध्ये पहिल्यांदा रंगमंचावर आलेला ऑपेरा. आज जगभरातली लाखो पोरं ही धून ऐकली की ‘अस्वल आलं!’ म्हणून ओरडतात. शास्त्रीय संगीताचा असा प्रचार कोणत्या संगीत सभेला जमलाय?

आता उलट्या रंगाचा उंदीर. ‘फाइव्ह नाइट्स ॲट ट्रेझर आयलंड’ हा सुरुवातीच्या फॅनगेम्सपैकी एक. मूळ बीज इंटरनेटवरच्या एका भयकथेत: डिस्नीने एक रिसॉर्ट अर्धवट सोडून दिलाय आणि आत मिकीचा एक पोशाख पडलाय, ज्याचे सगळे रंग फोटोच्या निगेटिव्हसारखे उलटे आहेत. काळ्याचं पांढरं, पांढऱ्याचं काळं. फॅन्सनी तो पोशाख उचलला, त्याला पाय फोडले आणि गेममध्ये सोडला. कथा काल्पनिक, पण ओसाड जागा खऱ्या! फ्लोरिडातल्या डिस्नी वर्ल्डमधलं ‘डिस्कव्हरी आयलंड’ १९७४ मध्ये सुरू झालं आणि १९९९ मध्ये बंद झालं. शेजारचं ‘रिव्हर कंट्री’ वॉटरपार्क २००१ नंतर पुन्हा उघडलंच नाही. वर्षानुवर्षं दोन्ही जागा झाडोऱ्यात तशाच पडून होत्या. भुतांना याहून प्राइम लोकेशन कुठे मिळणार?

ब्रेक! हलकंफुलकं काहीतरी: ‘डेशिफ्ट ॲट फ्रेडीज’. सगळे रात्रपाळी करतात, म्हणून या फॅनगेमने दिवसपाळी लावली. इथे डेव्ह नावाचा आगाऊ जांभळा सहकारी तुम्हाला नको ते करायला उचकवत राहतो आणि तुम्ही संवादांचे पर्याय निवडत जाता. हॉरर कमी, वात्रटपणा जास्त. ज्यांना जंपस्केअर झेपत नाही त्यांनी इथून शिरावं.

आणि ज्यांना काहीच पुरत नाही त्यांनी ‘द जॉय ऑफ क्रिएशन’कडे जावं.

या गेमसाठी मी मुद्दाम जागा राखून ठेवली होती. निकसन या टोपणनावाच्या डेव्हलपरने तो बनवला. मूळ गेम चित्रांवर चालतो, हा मात्र ‘अनरिअल इंजिन’वर बनवलेला झगमगीत थ्रीडी. इथे खुर्ची सोडून घरभर फिरावं लागतं. जळून कोळसा झालेली, आतून धुमसणारी ती यंत्रं तुमच्या मागावर. पण खरा झटका वेगळाच आहे. २०१७ च्या ‘स्टोरी मोड’मध्ये ही भुतं कोणाच्या घरात घुसतात, माहीत आहे का?

स्कॉट कॉथन यांच्या!

होय. फॅनने आपल्या लाडक्या गेमच्या निर्मात्यालाच गेमचा नायक केला आणि त्याच्याच भुतांना त्याच्या घरावर, बायकापोरांवर सोडलं. हे म्हणजे गणपतीत देखावा बघायला गेलात आणि त्यातला राक्षस मंडळाच्या अध्यक्षांना शोधत फिरतोय! दुसऱ्या कोणी वकिलाची नोटीस पाठवली असती. कॉथन यांनी काय केलं?

पैसे दिले!

ऑगस्ट २०२० मध्ये त्यांनी ‘फॅजबेअर फॅनव्हर्स’ जाहीर केलं. गाजलेल्या फॅनगेम्सना ते निधी देणार, मोबाइल आणि कन्सोलवर आणायला मदत करणार आणि गेम्सची सूत्रं मात्र त्यांच्या निर्मात्यांकडेच राहणार. यादीत कोण कोण होतं? अंडं होतं, कँडी मांजर होतं, पॉपगोज वीझल होता आणि हो, स्वतः कॉथन यांच्या घरात भुतं सोडणारा ‘जॉय ऑफ क्रिएशन’सुद्धा!

इथे क्षणभर घाई सोडू या, कारण हे खरोखर दुर्मीळ आहे. गेमिंगच्या धंद्यात फॅननी काही बनवलं की बड्या कंपन्यांचं पहिलं पत्र बहुतेक वेळा ‘ताबडतोब काढून टाका’ असं असतं. निन्टेन्डोने असे कित्येक फॅनगेम्स बंद पाडलेत. २०१६ मध्ये जुन्या ‘मेट्रॉइड टू’चा एका फॅनने वर्षानुवर्षं खपून नव्याने केलेला गेम आला आणि थोड्याच दिवसांत त्याची डाउनलोड लिंक काढून घ्यावी लागली. कायद्याने कंपनीची बाजू भक्कम असेलही. पण ज्या पोराने आपल्या पात्रासाठी रात्री जागवल्या त्याला दारावर उभं करायचं की आत घेऊन खुर्ची द्यायची, हा शेवटी मालकाच्या दिलदारीचा मामला. कॉथन यांनी खुर्ची दिली. आपल्या गेममध्ये खुर्चीवर बसल्यावर काय होतं ते ठाऊक असूनही!

त्यांचा विनोद तर याच्याही पुढचा. २०१९ च्या ‘हेल्प वाँटेड’ या अधिकृत गेमच्या कथेत असं सांगितलंय की आधीचे सगळे भयानक गेम्स एका माथेफिरू इंडी डेव्हलपरने कंपनीची बदनामी करायला बनवले. म्हणजे स्वतःच्याच गेममध्ये स्वतःलाच खोटारडा ठरवून मोकळे! निकसनने त्यांच्या घरात भुतं सोडली, त्यांनी स्वतःच्या नावावर बालंट घेतलं. फिटंफाट.

आता सगळ्यात मोठा प्रश्न. पिझ्झाच्या दुकानात नाचणारे रोबो ही कल्पना कोणाच्या डोक्यातून आली?

व्हिडिओ गेमवाल्याच्याच! अटारी कंपनीचे सहसंस्थापक नोलन बुशनेल यांनी १९७७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या सॅन होजेत पहिलं ‘चक ई. चीज’ उघडलं. पिझ्झा भाजेपर्यंत पोरं कंटाळतात, तर त्यांना यंत्रांचा ऑर्केस्ट्रा दाखवा आणि शेजारी गेम्सची मशीन्स लावा. पोरं खूश, टोकन खपतात, गल्ला भरतो.

मॅस्कॉट मात्र अपघाताने ठरला. बुशनेल यांना हवा होता कोयोटी, म्हणजे अमेरिकन रानकुत्रा. प्रदर्शनातून तसा पोशाख त्यांनी विकत घेतला. आणून नीट पाहिला तर मागे लांबलचक गुलाबी शेपूट. तो निघाला उंदीर! खाण्याच्या दुकानाची ओळख म्हणून उंदीर कोण लावेल? त्यांनी लावला. चक ई. चीजमधल्या ‘ई’चा अर्थ काय, माहीत आहे का? ‘एंटरटेनमेंट’. पठ्ठ्याचं अख्खं नाव चार्ल्स एंटरटेनमेंट चीज.

त्याहून जुने पूर्वज हवेत? डिस्नीलँडची ‘एनचँटेड टिकी रूम’, १९६३. तिथे यांत्रिक पक्षी आणि फुलं गातात. मूळ बेत काय होता, सांगा पाहू. रेस्टॉरंटचा! यंत्र आणि जेवण ही जोडी तिथपासूनची. आपल्याकडच्या गणेशोत्सवातले हलते देखावेही याच गोतातले. पडद्यामागे मोटर फिरते, पुढे मूर्तीचा हात वर-खाली होतो. फरक एवढाच की आपल्या राक्षसांना विसर्जनापर्यंतच ड्यूटी असते.

आणि आता एक खरी गोष्ट, कोणत्याही फॅनगेमला लाजवणारी. चक ई. चीजचा मोठा स्पर्धक होता ‘शोबिझ पिझ्झा’. त्यांचाही यंत्रांचा बँड होता, ‘रॉक-अफायर एक्स्प्लोजन’. पुढे दोन्ही दुकानं एकाच छत्राखाली आली. मग १९९० पासून एक मोहीम निघाली: शोबिझच्या यंत्रांची कातडी आणि मुखवटे उतरवायचे आणि त्याच सांगाड्यांवर चक ई. चीजच्या पात्रांची कातडी चढवायची! फॅट्झ नावाचा पियानोवाला गोरिला एका सकाळी उठला तो जांभळा मिस्टर मंच होऊन. कालचा दोस्त आज वेगळ्याच चेहऱ्याने गातोय, आत यंत्र तेच. हे कोणा फॅनच्या डोक्यातून निघालेलं नाही, हा एका कंपनीचा रीतसर कार्यक्रम होता.

२०२४ मध्ये चक ई. चीजने आपले यांत्रिक कलाकार बहुतेक सगळीकडून निवृत्त करायचं ठरवलं. मोजक्या दुकानांत ते राहिले. लॉस एंजेलिसच्या नॉर्थरिजमधल्या दुकानात त्यांचा मुक्काम कायमचा. म्हणजे खरी यंत्रं घरी बसली, खोटी मात्र दर आठवड्याला नवी जन्मतात.

सिनेमा? तो तर हवाच! २७ ऑक्टोबर २०२३ ला फनॅफचा चित्रपट आला. खर्च सुमारे २ कोटी डॉलर, जगभरातला गल्ला जवळपास ३० कोटी. गंमत म्हणजे अमेरिकेत तो त्याच दिवशी घरबसल्या स्ट्रीमिंगवरही होता, तरी पब्लिक थिएटरात! पडद्यावरची यंत्रं खरीखुरी बांधलेली, आणि बांधली कोणी? जिम हेन्सन्स क्रीचर शॉपने. मपेट्सचं घराणं! ‘सेसमी स्ट्रीट’च्या बाहुल्या याच हेन्सन यांच्या, आणि आपल्याकडचं ‘गली गली सिम सिम’ त्याच झाडाची फांदी. ज्या घराण्याने पोरांना बाराखडी शिकवली त्यांनीच आता किंचाळायला शिकवलं.

शेवटच्या श्रेयनामावलीत वाजलेलं गाणंही फॅन्सचंच. ‘द लिव्हिंग टूम्बस्टोन’ या बँडने २०१४ मध्ये प्रेमापोटी बनवून यूट्यूबवर टाकलेलं. नऊ वर्षांनी तेच हॉलिवूडच्या पडद्यावर, आणि थिएटरातली पोरं कोरसमध्ये! यूट्यूबवर फनॅफच्या थिअऱ्या मांडणारा मॅटपॅट तर सिनेमात वेटर होऊन आला. मार्कीप्लायर या ज्या यूट्यूबरच्या फनॅफवरच्या पहिल्या व्हिडिओने गेमला जगभर नेलं, तो मात्र स्वतःचा सिनेमा बनवण्यात गुंतला होता, म्हणून हुकला. त्या व्हिडिओचे व्ह्यूज दहा कोटींच्या पार आहेत, त्यामुळे फार वाईट वाटून घेऊ नका.

भूतसंसर्ग एवढ्यावर थांबला नाही. ‘बेंडी अँड द इंक मशीन’, ‘पॉपी प्लेटाइम’ अशी गोंडस चेहऱ्याच्या राक्षसांची अख्खी बाजारपेठ उभी राहिली. २०१६ च्या ‘टॅटलटेल’मध्ये तर फर्बीसारखं केसाळ, बडबडं खेळणं तुम्हाला छळतं. खऱ्या फर्बीचंही रेकॉर्ड स्वच्छ नाही बरं का! जानेवारी १९९९ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने आपल्या कार्यालयांत फर्बी आणायला बंदी घातल्याची बातमी गाजली होती. खेळणं ऐकलेलं बोलून दाखवेल, ही भीती. बिचारं रेकॉर्डिंग करतच नव्हतं.

आणि निकोलस केजचा ‘विलीज वंडरलँड’ पाहिलाय? २०२१ चा सिनेमा. झपाटलेली यंत्रं विरुद्ध सफाई कामगार. अख्ख्या चित्रपटात केज एक शब्द बोलत नाही. मानधनाचा हिशेब शब्दावर असता तर बिचाऱ्याला फ्रेडीच्या रखवालदारापेक्षा कमी मिळाले असते.

तर मंडळी, खेळून बघायचं मनात आलंय? गेम जोल्टवर निर्मात्याच्या स्वतःच्या पानावरूनच डाउनलोड करा, कुठल्याही ऐऱ्यागैऱ्या लिंकवरून नको. त्या लिंकमधली भुतं गेम बंद केला तरी जात नाहीत. घरात आठ-दहा वर्षांचं पोर असेल तर आधी स्वतः एक रात्र काढा, कारण काही फॅनगेम्स दिसतात त्यापेक्षा बरेच काळेकुट्ट आहेत. हेडफोनचा आवाज निम्म्यावर ठेवा. सुरुवात ‘डेशिफ्ट’ने करा, जमलं तर अंड्याकडे वळा, आणि ‘हार्ड बॉइल्ड’च्या वाटेला पहिल्याच दिवशी जाऊ नका!